कुरणातलं जपानीज ब्रोम कसं ओळखायचं

अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्स या गवताळ पट्ट्यात, म्हणजे कॅन्सस नेब्रास्कापासून वर डकोटा मॉन्टानापर्यंत, मे-जूनला कुरणात मान टाकलेलं लवदार गवत दिसलं की बरेच जण त्याला सरसकट चीटग्रास म्हणून मोकळे होतात. पण त्यात जपानीज ब्रोम नावाचं दुसरं तणगवतही भरपूर असतं. दोन्ही युरोप-आशियाकडून आलेली, दोन्ही एका हंगामात संपणारी, आणि लांबून बघितलं तर खरंच सारखी दिसतात.

आधी एक रोप उपटून बघा. सहज हातात आलं आणि खाली नुसता बारीक मुळांचा झुपका असेल तर पुढे बघायचं. मातीत आडवी पसरलेली जाड खोडं लागली तर ते बारमाही गवत आहे, म्हणजे स्मूथ ब्रोम किंवा वेस्टर्न व्हीटग्रास असू शकतं, ते तण समजून काढू नका. स्मूथ ब्रोमच्या पानावर बहुतेक वेळा डब्ल्यूसारखी चुणी असते आणि लव जवळपास नसतेच. व्हीटग्रासचं पान निळसर, आणि पान जिथे खोडाला भेटतं तिथे दोन छोटे कान खोडाला कवटाळून बसलेले असतात. जपानीज ब्रोमला कान नाहीत, तिथे फक्त फाटक्या कडेचा पातळ पापुद्रा असतो, आणि पानाचा खालचा भाग खोडाभोवती बंद नळीसारखा असतो, त्यावर दाट मऊ लव.

आता गंमत अशी की लव चीटग्रासलाही असते, बंद नळी पण असते, त्यामुळे इथपर्यंत येऊन निकाल लागत नाही. रंगावर तर अजिबात जाऊ नका, चीटग्रास पिकताना जांभळट-लाल होतं हे खरं पण जपानीज ब्रोमवरही कधीकधी जांभळी झाक येते.

खरी ओळख लोंबीत. एक छोटं कणीस तोडा, भिंग घ्या, अगदी तळाशी दोन रिकामी तुसं असतात त्यातल्या खालच्या तुसावरच्या शिरा मोजा. तीन असतील तर जपानीज ब्रोम, एकच असेल तर चीटग्रास. वरच्या तुसावर जपानीजला साधारण पाच, चीटग्रासला तीन. माझ्या मते एवढं एक नीट बघितलं तरी बहुतेक वाद मिटतात. भिंग नसेल तर कुसळं बघा. जपानीजची ८ ते १३ मिमी, आणि वाळली की पिळवटून बाहेरच्या बाजूला वाकतात, दाण्याचं टरफलही रुंद फुगीर. चीटग्रासची कुसळं लांब, १० ते १८ मिमी, बऱ्यापैकी सरळ, आणि टरफल अरुंद निमुळतं.

लोंबी यायच्या आधी या दोघांत फरक करणं अवघड आहे, पण तण आलंय एवढं तरी कळतं. बी जास्त करून शरद ऋतूतल्या पावसावर उगवतं, हिवाळा बुटक्या रोपाच्या रूपात काढतं, त्यामुळे बाकी देशी गवत तपकिरी पडलेलं असताना मधेच हिरवे लवदार पट्टे दिसले की वाकून बघा. जिथे जुन्या वाळल्या गवताचा थर जाड साचलाय तिथे आधी शोधा, त्याखाली ओल टिकते आणि हे तिथे छान उगवतं. जूनच्या शेवटी-जुलैत सगळं पिवळं पडतं, बी पिकून झडायला लागलेलं असतं, मग कापून काही फायदा नाही.

काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसला, म्हणजे तिथल्या स्थानिक शेती सल्ला केंद्राला, दाखवायचं असेल तर मुळांसकट आणि लोंबीसकट अख्खं रोप वर्तमानपत्रात दाबून न्या, नुसत्या पानांवर तेही सांगू शकणार नाहीत.