शाळा म्हटलं की पोटात दुखतं? असं करून पाहा

सकाळचे सव्वासहा. गणवेश चढलाय, एक मोजा पायात, दुसरा हातात आणि "आई, पोटात दुखतंय." रविवारी हेच पोट भेळ मागतं, म्हणून आपल्याला नाटक वाटतं. पण घाबरलेल्या मुलाचं पोट खरोखर दुखतं. ओरडलात, तर खरं कारण ते सांगायचंच नाही.

१. आधी डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठता, जंत, लघवीचा संसर्ग, चष्म्याचा नंबर, कान हे एकदा तपासून घ्या. सगळं ठीक निघालं तर तिथेच थांबा. रोज नवी गोळी दिली की मुलाला आपण आजारीच आहोत असं वाटू लागतं.

२. कारण हुडका. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. दारात रिक्षा हॉर्न देत असताना "का नाही जायचं?" विचारून काही हाती लागत नाही. मुलं बोलतात ती स्कूटरवर मागे बसून, नाहीतर रात्री दिवा मालवल्यावर. तेव्हाही 'का' नको. "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातोस?", "कुठला तास संपता संपत नाही?" असं विचारा. दप्तरही उघडून बघा. माझ्या लेकीची पाण्याची बाटली कितीतरी दिवस भरलेलीच परत येत होती आणि मी तिला नुसती रागवत होते. शेवटी कळलं, शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नव्हती. तिथे जावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नव्हती!

कधी कारण रिक्षातल्या मोठ्या मुलांत असतं, कधी घरातल्या आजारपणात किंवा भांडणात. मूल वर्गात मोठ्याने वाचायलाच घाबरत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीची, चाचणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार त्याला बंदी आहे, हे शाळेला लेखी कळवा. अशा वेळी आधी बंदोबस्त, मग शाळा. पुढच्या पायऱ्या तोवर बाजूला ठेवा.

३. वर्गशिक्षकांना वेळ घेऊन भेटा आणि नेमकं मागा. फाटकावर मुलाला कोण घेईल? रडू आलं तर ते कुठे बसेल? "आमचा फार हळवा आहे हो," हे त्याच्यादेखत मात्र नको.

४. थोडं थोडं वाढवा. दोन दिवस फाटकापर्यंत, मग आवडीचा एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. न्यायला कधी येणार ते आधी सांगा आणि ती वेळ पाळा. रडलं म्हणून मध्येच घरी आणलंत, तर पुढच्या वेळी भीती दुप्पट होते. निरोप छोटा घ्या. आईला सोडवत नसेल तर आजोबांना पाठवा. "राहू दे गं आजच्या दिवस," म्हणणाऱ्या आजीलाही या बेतात आधीच सामील करून घ्या.

५. घरी राहिलंच, तर सुट्टीची मजा नको. मोबाइल, टीव्ही बंद, शाळेच्या वेळात वही-पुस्तक आणि डबाही मधल्या सुट्टीलाच. हे शांतपणे करा, शिक्षा म्हणून नव्हे.

६. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही किंवा झोप-जेवण बिघडलं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. "मला जगायचंच नाही," असं मूल म्हणालं तर त्याच दिवशी. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. कुणी छळत असेल तर चाइल्डलाइन, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८.

गाडी रुळावर आली तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर पोट पुन्हा दुखेल, हे धरूनच चाला. सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी शाळेवरून एक चक्कर मारून या आणि येताना नवी वही घ्या.