केकमधे कुंदा भरताय? मग हे बघा

बेळगावात राहून केकमधे नुसतं स्ट्रॉबेरी क्रश भरायचं म्हणजे काय, आपला कुंदा, म्हणजे दूध-खवा आटवून केलेली बेळगावची मिठाई, घाला की! फक्त डब्यातला तसाच थापू नका, तो रवाळ नि घट्ट असतोय, स्पॅट्युला फिरवला की स्पंजचे तुकडेच उचलून येतात. वाटीभर कुंद्यात दोन-तीन चमचे कोमट दूध घालून काट्यानं मोडून घ्या, चमच्यावरनं जड असा लोंबत पडेल एवढंच सैल, आणि पूर्ण गार झाल्यावरच लावा, नाहीतर क्रीम वितळलंच म्हणून समजा. आधी कडेनं क्रीमची बोटभर जाड रिंग पाइप करायची, मग मधे कुंदा, म्हणजे वरचा थर ठेवला तरी तो बाहेर फुगत नाही.

कुंदा मुळातच गोडमिट्ट, त्यामुळं शुगर सिरपला सुट्टी. स्पंज साध्या दुधानं भिजवा, क्रीममधे चिमूटभर मीठ घाला, चव एकदम सुटसुटीत होते.

सजावटीचं म्हणाल तर पावसाळ्यात फाँडंटच्या, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्याच्या फुलांच्या, नादाला लागूच नका, इथं एकदा पाऊस लागला की फ्रिजमधनं काढलेल्या केकवर हवेतली ओल बसते, फुलं चिकट होतात आणि रंग सोडतात. त्यापेक्षा चंदगडकडचा काजू मंद आचेवर भाजून, जाडसर कुटून कडेला दाबा, दिसायलाही भारी. पण तो अगदी शेवटी, केक द्यायच्या आधी लावा, नाहीतर मऊ पडतो.

खव्याचा माल आहे, उरला तर फ्रिजमधेच ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.