रात्रीच्या दशावतारासाठी कमी पैशांतला कॅमकॉर्डर कसा निवडावा

कॅमकॉर्डर घ्यायला दुकानात गेलात की आधी झूम सांगतात. तीस पट, पन्नास पट. देवळासमोर रात्रभर चालणारं नाटक ज्याला टिपायचं आहे, त्याने या आकड्याकडे काणाडोळा करावा. आपल्याला हवा उजेड. तो कॅमेऱ्यात किती शिरणार हे ठरतं दोन गोष्टींवर: आतला सेन्सर (उजेड टिपणारी चिप) केवढा आहे आणि भिंगाचं तोंड किती उघडतं.

मी सिंधुदुर्गातल्या जत्रांमधले दहीकाले, म्हणजे दशावताराचे रात्रभराचे खेळ, चित्रित करतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, संवाद नट जागेवर रचतात. आज या गावात जो प्रवेश रंगला तो उद्या पुढच्या गावात तसाच होणार नाही. म्हणून चित्रीकरण व्हायलाच हवं, आणि नंतर कुणाला तरी बघावंसं वाटेल असं व्हायला हवं.

आता आकड्यांकडे येऊ. सोनीचा सीएक्स४०५ हा स्वस्तातला, सहज भेटणारा कॅमकॉर्डर. सेन्सर १/५.८ इंची, झूम ३० पट, भिंग एफ/१.८ ते एफ/४. एफपुढचा आकडा वाढला की भिंगाचं तोंड लहान झालं असं समजायचं. खोक्यावर एफ/१.८ वाचून माणूस खूश होतो, पण ते झूम अजिबात केला नसतानाचं असतं. झूम पूर्ण ताणला की एफ/४, म्हणजे उजेड जवळजवळ पाचपट कमी. तुम्ही दशावतारातल्या संकासुर राक्षसाच्या चेहऱ्यावर झूम नेता आणि नेमका तेव्हाच कॅमेरा आंधळा होतो. मग तो चित्र आतल्या आत उजळायला बघतो आणि पडदाभर दाणे नाचू लागतात. बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, दिवसाची मिरवणूक यांना हा कॅमेरा छान आहे. दहीकाल्याला नाही.

त्यापेक्षा जुना पण वरच्या वर्गातला कॅमेरा शोधा. २०११ सालचा कॅननचा एचएफ जी१० घ्या. सेन्सर १/३ इंची, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ चौपट. त्यावर पिक्सेल फक्त वीस लाखांच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल मोठा आणि त्याच्या वाट्याला उजेडही जास्त. भिंग एफ/१.८ ते एफ/२.८, झूम जेमतेम १० पट. हा झूम पुरतो का? तीस फुटांवरून उभ्या नटाचा डोक्यापासून छातीपर्यंतचा शॉट मिळतो, याहून जास्त दशावताराला लागत नाही. त्याच वर्षीच्या एचएफ एम४१ मध्येही हाच सेन्सर आहे. यात फोर-के नाही, पण फुल एचडीचं स्वच्छ चित्र दाणेदार फोर-केपेक्षा कधीही बरं. थोडे जास्त पैसे असतील तर सोनीचा एएक्स१०० वापरलेला मिळतो का बघा. त्याचा सेन्सर एक इंची आहे.

लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यांकडचे सोनीचे जुने, टेपवाले पीडी१७० कॅमेरे अंधारात उत्तम चालतात, हे खरं. पण त्यांच्या टेपा आणि त्या संगणकावर उतरवायची खटपट आता नव्याने अंगावर घेऊ नका. ऑनलाइन दिसणारे अनोळखी ब्रँडचे ‘४८ मेगापिक्सेल, नाइट व्हिजन’वाले तर पूर्ण टाळा. नाइट व्हिजन म्हणजे अवरक्त दिवा. त्यात रंग जातात, आणि दशावतारातून रंग गेले तर उरलं काय?

मोबाइलचं विचाराल तर, पुढच्या रांगेतून पाच मिनिटांसाठी तो चांगला. पाच-सहा तास सलग चालवलात तर तापतो, आणि लांबून झूम केलं की चित्र फाटतं.

सेन्सरइतकंच महत्त्वाचं म्हणजे हाताने काय काय बदलता येतं. आपल्याकडे खरी अडचण नुसत्या अंधाराची नसते. सफेदा लावलेल्या चेहऱ्यावर प्रखर दिवा, आणि मागे काळोख. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा काळोखाकडे बघून तोंड उघडतो आणि राजाचा चेहरा नुसता पांढरा डाग होतो. डोळ्यांची रेघ दिसत नाही, की कपाळावरचा नाम. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, हाताने कमी करता यायला हवं. गेनवर, म्हणजे कॅमेरा चित्र आतल्या आत उजळतो त्यावर, मर्यादा घालता आली तर फारच चांगलं. जी१०मध्ये ती सोय आहे. फोकस हाताने बांधता यायला हवा, नाहीतर नट काळोखात सरकला की कॅमेरा चाचपडत बसतो. स्लो शटर किंवा लो लक्स नावाची अंधारासाठीची सोय असेल तर ते बंद करता येतं का बघा. त्यात शटर (प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ) १/२५ सेकंदावर उतरतं, उजेड दुप्पट मिळतो, पण तलवारीची लढाई आली की हातांचे नुसते फरांटे उमटतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला कॅमेरा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. तो सेकंदाला ६० किंवा ३० चित्रांच्या हिशेबाने चालतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बऱ्याच एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधता येत असेल तरच घ्या.

वापरलेला कॅमेरा बघायला संध्याकाळी जा, आणि आपलं मेमरी कार्ड सोबत न्या. खोलीत एकच बल्ब ठेवा आणि कुणालातरी काळी छत्री उघडून कोपऱ्यात उभं करा. संकासुराचा वेश काळा असतो. काळ्या कापडाच्या घड्या दिसल्या तर बाकीचं सगळं दिसेल. आधी पूर्ण रुंद, मग पूर्ण झूम, प्रत्येकी मिनिटभर. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर निकाल लावू नका, तिथे सगळंच छान दिसतं. घरी टीव्हीवर लावा. छत्री जांभळट दिसत असेल, तिच्यावर मुंग्या चालल्यासारखं वाटत असेल, तर तो कॅमेरा सोडून द्या. निघण्याआधी भिंगात तिरपी बॅटरी मारून बघा. कोकणच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर कितीही स्वस्त असला तरी नको.

माइकसाठी ३.५ मिलिमीटरचं छिद्र आहे ना, हेही बघा. सीएक्स४०५ला ते नाही. गाणं, पखवाज आणि झांज यांच्यामधून संवाद ऐकू यायला हवेत, आणि कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकला आधी शेजारच्या प्रेक्षकाचा खोकला ऐकू येतो.

पैसे उरले तर ते ट्रायपॉड, दुसरं कार्ड आणि लांब एक्स्टेंशन बोर्ड यांत घाला. सेकंदाला २४ मेगाबिट (एमबीपीएस) या दर्जावर तासाला अकरा जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे सहा तासांच्या खेळाला एक ६४ जीबीचं कार्ड थोडक्यात कमी पडतं. बॅटरी रात्रभर पुरणार नाही. अॅडाप्टर लावून चित्रीकरण होतं का, हे विकणाऱ्याकडून प्रत्यक्ष करून घ्या. जत्रेला लवकर पोचा, नाटक कंपनीच्या मालकांची परवानगी घ्या, आणि ट्रायपॉड रंगमंचाच्या जितक्या जवळ, बाजूला लावू देतील तितका लावा. जवळ बसलात की झूम कमी लागतो, आणि भिंग एफ/१.८ वर उघडं राहतं.