पावसाळा सरताना खूरदाहाच्या पोनीची चराई: कळप न तोडता करायची व्यवस्था

भाद्रपद संपत आला की पावसाची उघडीप वाढते आणि मुरबाड, शहापूर, बदलापूर या पट्ट्यातील कुरणे गवताने भरून गेलेली असतात. वरातीच्या घोड्यांना चातुर्मासात काम नसते, आणि रपेटीच्या पोनींचेही पावसाचे महिने बरेचसे तबेल्यात उभे राहण्यात जातात. हिरवा चारा मुबलक, हालचाल नाही आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होणार म्हणून दसऱ्यापासूनच चंदी (दाण्याचा खुराक) वाढवायची, हा क्रम धडधाकट घोडीला एखादे वेळी निभावून नेता येतो; परंतु ज्या पोनीला एकदा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतील दाह, होऊन गेला आहे, त्याच्यासाठी हे दोन महिने विशेष जोखमीचे असतात.

खुराची बाहेरची भिंत आणि आतले हाड यांना नाजूक पापुद्र्यांची वीण एकत्र धरून ठेवते. साखर आणि पिष्ट अधिक पोटात जाऊन रक्तातील इन्सुलिन दीर्घकाळ वाढलेले राहिले, की ही वीण ताणली जाते, सैल होते, आणि शरीराच्या भाराने हाड जागेवरून फिरू किंवा खाली सरकू लागते. थोड्या चाऱ्यावर तगून राहणे हा पोनीच्या जातीचाच गुण असल्यामुळे शेजारच्या उंच घोडीला जे कुरण जेमतेम पुरते, तेच त्याला घातक ठरू शकते. मानेवरची चरबी घट्ट आणि उंच झाली असेल, तर ते तब्येत सुधारल्याचे लक्षण समजू नये.

गवत दिवसा उन्हात साखर तयार करते आणि रात्री वाढीसाठी खर्च करते. म्हणून पहाटे ती सर्वांत कमी आणि दुपार कलल्यावर सर्वांत जास्त असते. थंड देशांतील सल्ल्यांत गोठलेल्या दहिवराच्या सकाळी चराई टाळायला सांगतात. ते तिकडच्या गवतांसाठी आणि गोठवणाऱ्या रात्रींसाठी योग्य असले, तरी ठाण्याच्या हवेला लागू पडत नाही. आपले मारवेल, पवना, कुसळी ही उष्ण प्रदेशाची गवते आहेत. मात्र पाऊस थांबून ऑक्टोबरचे ऊन लागले, जमीन सुकून वाढ मंदावली, की ऊन मिळत राहते पण खर्च होत नाही, आणि साखर साठत जाते. म्हणून या पोनीला चरायला सोडायचेच असेल तर उजाडताना सोडावे आणि ऊन चढण्याआधी, साधारण साडेआठ-नऊपर्यंत, गवतावरून काढावे.

केवळ तास कमी केल्याने काम होत नाही, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. वेळ थोडा आहे हे पोनीच्या लवकर लक्षात येते आणि तो त्या वेळात अधाशासारखा खातो. त्याला एकट्याला वेगळे कोंडणे हाही उपाय नव्हे; कळपापासून तुटलेला घोडा कुंपणाकडेने सारखा येरझारा घालतो, आणि दुखऱ्या खुरांना ते सोसत नाही. तीन-चार जनावरांच्या कळपासाठी अधिक चांगली व्यवस्था म्हणजे कुरणाच्या कडेने कळपाला फिरण्यासाठी पट्टी करणे. समजा चौकोनी २० गुंठ्यांचे कुरण आहे. त्याची बाजू सुमारे ४५ मीटर भरते. कडेने ४ मीटर रुंदीची पट्टी आतल्या बाजूने झटका मशीनवरच्या (सौम्य वीजप्रवाहाच्या) रुंद पांढऱ्या फितीने वेगळी केली, तर सुमारे साडेसहा गुंठे पट्टीत जातात आणि साडेतेरा गुंठे गवत आत राखले जाते. नुसती बारीक तार घोड्याला नीट दिसत नाही, म्हणून फीत वापरावी. पट्टीवर चिखल होतो तेथे बारीक मुरूम टाकावा. टोकदार खडी मुळीच नको. पाणी एका टोकाला आणि वाळलेले गवत दुसऱ्या टोकाला ठेवले, की जनावरे आपोआप चालती राहतात. गवताचे ढीग जनावरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावेत, म्हणजे वरचढ घोडी हुसकावू लागली तरी पोनीला दुसरा ढीग गाठता येतो, आणि जेथे तो कोंडीत सापडेल असा बंद कोपरा पट्टीत ठेवू नये. हाडकुळ्या म्हाताऱ्या घोडीला आतल्या गवतावर सोडावे, पण कळपातला दुसरा एखादा अंगाने सुटलेला घोडा सोबतीला पट्टीवर राहील हे पाहावे.

मळणीच्या बैलाला मुसके घालतात, त्याच तत्त्वावर खाली छोटे छिद्र असलेले चराईचे मुसके पोनीला घालता येते. त्यातून पाणी पिता आले पाहिजे, चिखलाने छिद्र बुजले नाही ना हे पाहिले पाहिजे आणि दिवसातून काही तास ते काढलेच पाहिजे.

चंदीच्या वेळी मोतद्दाराची (घोडे सांभाळणाऱ्याची) खरी परीक्षा असते. इतरांचा हरभरा आणि जव उघड्या घमेल्यात ठेवला, तर सांडलेले टिपायला पोनी सर्वांत आधी पोहोचतो. प्रत्येकाला तोबरा बांधावा आणि या पोनीच्या तोबऱ्यात फक्त मूठभर भिजवलेले गवत व पशुवैद्यकाने सांगितलेले क्षार द्यावेत. गव्हाचा कोंडा हलका समजून दिला जातो. तोही याला नको. दसऱ्याच्या पूजेनंतर प्रेमाने दिला जाणारा गूळही नको, आणि हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे.

उपाशी मात्र कधीही ठेवू नये. जाड पोनीचा चारा एकदम तोडला तर चरबी रक्तात उतरून जिवावर बेतते. वजन उतरवायचे असताना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली शरीराच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का कोरडा (पाण्याचा अंश वगळून) चारा धरावा. २०० किलोच्या पोनीला ते ३ किलो होते, म्हणजे प्रत्यक्ष वजनात साधारण साडेतीन किलो वाळलेले गवत, तीन-चार वेळा विभागून. फुलोऱ्यानंतर कापलेले डोंगरी गवत चालते, पण त्यात कुसळे नसावीत, कारण ती तोंडात रुततात. गवत तासभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास साखर कमी होते; आपल्या दमट हवेत भिजवलेले गवत लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढेच भिजवावे.

रोज सकाळी चारही खुरांवर हात ठेवावा आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना नाडी चाचपावी. खूर तापलेले, नाडी ठोके देणारी, वळताना पाऊल जपून टाकणे, पुढचे पाय पुढे काढून भार मागे घेणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याला चालवू नये, जागेवरच जाड बिछाना करावा, खुरे बर्फाच्या पाण्यात ठेवावीत आणि त्याच तासात पशुवैद्यकाला बोलवावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. घरातली दुखण्याची किंवा स्टेरॉइडची औषधे स्वतःहून देऊ नयेत. आजारपणात त्याला आत बांधावे लागेल, तेव्हा कळपातली त्याची नेहमीची सोबतीण शेजारच्या दावणीला, त्याला दिसेल अशी बांधावी.