मे महिन्यात भंडारदरा: पहाटे चढा, दुपारी झोपा, रात्री काजवे बघा

मे महिन्यात भंडारदऱ्याला चाललो म्हटलं की आमच्या नाशिकमध्ये हमखास ऐकायला मिळतं, "एवढ्या उन्हात? पावसाळ्यात जा की." मी मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला मेचा शेवटचा आठवडाच सांगते. पावसाळ्यात कळसूबाईच्या माथ्यावरून धुक्याशिवाय काही दिसत नाही, सांदण दरीत उतरता येत नाही आणि काजवे तर केव्हाच संपलेले असतात. उन्हाळ्यात हे सगळं मिळतं. फक्त सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात उघड्यावरचं काहीही ठरवायचं नाही. बाकीची आखणी या एका नियमावर बसवा.

रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरावं. तिथून घोटीमार्गे जीप किंवा एसटीने कळसूबाईच्या पायथ्याचं बारी किंवा धरणाजवळचं शेंडी गाव गाठा. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल घोटीतच भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण रतनवाडी-साम्रदकडे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. मुक्काम शक्यतो गावात, एखाद्या घरी करा. आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगून ठेवलं की पिठलं, तांदळाची किंवा नागलीची भाकरी आणि ठेचा गरम गरम पानात येतो. शिवाय कुठल्या वाटेवरचं पाणी आटलंय हे त्या घरच्यांइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. मेमध्ये बारी गावातून पहाटे साडेतीन-चारला निघायचं. चालीला तीनेक तास धरा, म्हणजे उजाडता उजाडता तुम्ही शेवटच्या शिडीपाशी असता. वाटेवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत, त्यामुळे चढ अवघड नाही, दमवणारा आहे. पण हेच लोखंड दहाच्या पुढे इतकं तापतं की हात टेकवत नाही. म्हणून माथ्यावर कितीही रमावंसं वाटलं तरी आठ वाजता उतरायला लागा. देवीच्या छोट्या देवळापाशी उभं राहिलं की एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले रांगेने दिसतात आणि दुसरीकडे खाली भंडारदऱ्याचं पाणी. या दिवसांत पाणी खूप खाली गेलेलं असतं. काठाला तांबूस मातीचे पट्टे उघडे पडलेले असतात, त्यावरून आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडलेल्या पाण्याच्या पाळ्या, किती झाली असतील याचा अंदाज येतो.

माणशी तीन लिटर पाणी घ्याच. वरच्या विहिरीवर विसंबू नका, मेमध्ये तिचा भरवसा नाही. लिंबू, मीठ, साखर पुडीत बांधून घ्या. वाटेत गावातली मंडळी लिंबूसरबत आणि ताक घेऊन बसलेली असतात, तेही जरूर घ्या, त्यांचा हा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि चांगली पकड असलेले बूट हवेत. सुकलेल्या मुरमाचा घसारा चढताना जाणवत नाही, उतरताना पाय सटकवतो.

दुपार झोपेची. खरंच झोपा, नाहीतर रात्री काजव्यांच्या वेळी मुलं पेंगतात. उन्हं कलली की जलाशयाच्या काठाने फिरा. हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेवर ते बांधलंय, आणि प्रवरा उगम पावते समोरच्या रतनगडावर. होडी चालू असेल तर बसा, पण लाइफ जॅकेट घालूनच. पोहायला मात्र उतरू नका, पट्टीच्या पोहणाऱ्यांनीसुद्धा. पाणी ओसरलेल्या काठाला गाळ असतो, वरून वाळलेला दिसतो आणि पाऊल टाकलं की आत खेचतो.

रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकतात. ती विकत घ्याच, पण एकदा मुलांना जाळीतून स्वतः तोडू द्या. काळंभोर करवंद नुसत्या स्पर्शाने हातात येतं. ओढावं लागलं तर ते कच्चं समजा, देठातून पांढरा चीक येतो आणि ओठांना चिकटून बसतो. काटे जोडीने असतात, म्हणून हात जाळीत बाजूने न घालता खालून वर न्यायचा.

आता काजवे. मेच्या अखेरीपासून साधारण जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लागेपर्यंत. दिनदर्शिका बघून अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा आणि शनिवार-रविवार टाळा. गाड्यांच्या रांगांत काजवे नाही, हेडलाइटच दिसतात. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे, मुरशेत हा सगळा पट्टा त्यांचा आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असं एखादंच झाड लखलखायला लागतं, फांदीफांदीवरचे काजवे एका तालात पेटतात, विझतात, आणि शेजारचं झाड पूर्ण काळोखात असतं. हा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद. आपला टॉर्च मध्ये आला की ती साद तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि त्यांच्याकडे रात्री मोजक्याच असतात.

म्हणून गाडी रस्त्यावरच उभी करा आणि दिवे बंद ठेवा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि तो पायांपुरताच वापरा. फ्लॅश नको, गाणी नकोत. झाडाखालच्या गवतात शिरू नका, माद्या तिथे बसलेल्या असतात आणि त्या पायाखाली चिरडल्या जातात. बाटलीत काजवे भरणाऱ्या मुलांना तिथेच थांबवा, आपली असोत की दुसऱ्याची. हे अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरा आणि ते सांगतील त्या वेळेला बाहेर पडा. शेकोटीचा हट्टही सोडा. मेमधलं गवत ठिणगीची वाटच बघत असतं, एक वणवा लागला की हे सगळं गेलं.

सांदण दरी दुसऱ्या दिवशी सकाळी. साम्रदहून गावातला वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका. दरी इतकी अरुंद आहे की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. ऊन तळापर्यंत फारसं पोचतच नाही, त्यामुळे मेमध्येही दगड गार लागतो. सुरुवातीच्या कुंडांत पाणी किती आहे ते वाटाड्याला विचारून मगच उतरा. धोंड्यांवरून उड्या मारू नका, बसून, हात टेकवत उतरा. दोर लावून उतरायचा टप्पा आला की घरच्या मंडळींनी तिथूनच मागे फिरावं. पुढचं काम सराव आणि सामान असलेल्यांचं.

आदल्या रात्री वळीव पडला असेल किंवा सकाळीच ढग दाटले असतील तर सांदण रद्द करा. वरचं सगळं पाणी याच चिरेत येतं आणि बाजूला चढून जायला जागा नसते. मग ती सकाळ रतनवाडीला द्या. आकाश गडगडत नसेल तर रतनगड, त्याची वाट बराच वेळ झाडीतून जाते. आभाळ भरलेलं असेल तर गडाच्या शिड्यांच्या नादी न लागता अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि शेजारची पुष्करणी निवांत बघा. माझी आई तर दर खेपेला हेच आधी मागते.