लष्करी तळाजवळ राहताना लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही: या चुका टाळा

सॅन डिएगो (कॅलिफोर्निया), नॉरफोक (व्हर्जिनिया), फेएटव्हिल (नॉर्थ कॅरोलिना), किलीन (टेक्सास) ही अमेरिकेतील शहरे मोठ्या प्रमाणावर लष्करी तळांवर जगतात. जोडीदार सैन्यात आहे म्हणून, नौदलाचे कंत्राटी काम मिळाले म्हणून किंवा तळालगतच्या रुग्णालयात नोकरी लागली म्हणून तिथे बिऱ्हाड करणाऱ्या मराठी कुटुंबांना घर निवडताना एक प्रश्न पडतोच: शेजारी कोण राहते हे सरकारी नोंदवहीतून कळते म्हणतात, ते कितपत खरे? कळते, पण सगळे कळत नाही. लष्करी वस्तीत तर गुन्ह्याचा निवाडा एक यंत्रणा करते, नोंद दुसरी ठेवते आणि फाटकावर तिसरीच उभी असते. या तिघींना एक समजण्यातून बहुतेक चुका होतात.

भारतातून नुकत्याच गेलेल्यांचा गोंधळ थोडा वेगळा असतो. आपल्याकडे केंद्रीय गृहमंत्रालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली, परंतु ती केवळ पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. सामान्य नागरिकाला ती उघडता येत नाही. अमेरिकेत १९९६ च्या ‘मेगन्स लॉ’ या संघीय कायद्यापासून अशी माहिती लोकांसमोर ठेवण्याची प्रथा रूढ झाली आणि २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने तिला देशभर एक किमान चौकट दिली. त्यामुळे शोध घेण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही आणि त्यात गैर काही नाही.

लष्कराची स्वतंत्र यादी शोधत बसणे

अशी सार्वजनिक यादी अस्तित्वातच नाही. ॲडम वॉल्श कायद्यानुसार नोंदणी करण्याचे काम राज्ये, राजधानीचा जिल्हा, प्वेर्तो रिको व ग्वामसारखे पाच प्रमुख प्रदेश आणि पात्र आदिवासी राष्ट्रे यांच्याकडे आहे. संरक्षण खाते त्यांत मोडत नाही. कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरलेला जवान लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगातून सुटला, की त्याचे नाव तो जिथे राहणार, नोकरी करणार किंवा शिकणार त्या राज्याच्या यादीत जाते. प्रत्यक्ष नोंद बहुतेक ठिकाणी काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात किंवा शहर पोलिसांकडे होते. तळाच्या आतल्या घरात राहणाऱ्यालाही, तो तळ ज्या राज्यात आहे त्या राज्यातच नोंद करावी लागते. त्याखेरीज भूदलाच्या तळावर राहणाऱ्या वा काम करणाऱ्या अशा व्यक्तीने तिथल्या लष्करी पोलिसांना माहिती द्यायची असते, परंतु ही दुसरी नोंद लोकांसाठी खुली नसते.

पूर्वी ही साखळी बरीच सैल होती. सुटकेच्या वेळी जवानाकडून एका फॉर्मवर सही घेतली जाई, संबंधित राज्याला कळवले जाई आणि पुढचे त्याच्यावर सोपवले जाई. २०१५ च्या कायद्याने ही माहिती राष्ट्रीय यादीसाठी थेट न्याय खात्याला देण्याचे बंधन संरक्षण खात्यावर आले. पण खाते कळवते म्हणजे वेळच्या वेळी आणि न चुकता कळवतेच असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २०१७ मध्ये टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज येथील चर्चमध्ये २६ जणांचा बळी घेणाऱ्या माजी हवाई दल जवानाला २०१२ मध्येच घरगुती हिंसाचारासाठी कोर्ट मार्शलने शिक्षा केली होती आणि ती एफबीआयकडे कळवलीच गेली नव्हती. त्याचा गुन्हा लैंगिक नव्हता. तरीही लष्करी निकाल नागरी नोंदीपर्यंत पोहोचताना वाटेत काय होऊ शकते, याचे याहून ढळढळीत उदाहरण नाही.

कोऱ्या निकालावर निश्चिंत होणे

ड्रू स्जोडिन या खून झालेल्या तरुणीच्या नावाने चालणारे राष्ट्रीय सार्वजनिक संकेतस्थळ बहुतेकांना ठाऊक असते. ते स्वतः काहीही साठवत नाही. आपण नाव किंवा पत्ता टाकला की ते सगळ्या राज्यांच्या याद्यांना विचारते आणि उत्तरे एकत्र मांडते. एखाद्या राज्याची यंत्रणा त्या क्षणी बंद असेल तर तिथले उत्तर येतच नाही, आणि तशी सूचना पानावर असूनही घाईत नजरेतून सुटते. म्हणून राष्ट्रीय शोधानंतर राज्याचे स्वतःचे संकेतस्थळ वेगळे उघडून पाहावे. तिथे मिळणारा तपशीलही बहुधा अधिक असतो.

मात्र राज्याच्या यादीतही सर्व नावे नसतात. संघीय चौकटीत गुन्ह्यांचे तीन स्तर आहेत: पहिल्यात नोंदणीची मुदत १५ वर्षे, दुसऱ्यात २५ वर्षे, तिसऱ्यात आजन्म, आणि प्रत्यक्ष हजर राहून माहिती तपासून देण्याची पाळी अनुक्रमे वर्षाला, सहा महिन्यांनी आणि तीन महिन्यांनी येते. पहिल्या स्तरातील, अल्पवयीनांशी संबंध नसलेल्या गुन्ह्यांची नावे सार्वजनिक पानावरून वगळण्याची मुभा राज्यांना आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ पासून स्वतःची १० वर्षे, २० वर्षे आणि आजन्म अशी वेगळी विभागणी लागू केली आहे आणि तिथे पोलिसांकडे नोंद असलेली प्रत्येक व्यक्ती लोकांना दिसत नाही. उलट फ्लोरिडाच्या यादीत राज्य सोडून गेलेल्यांची नावेही राहतात. त्यामुळे फ्लोरिडातील पेन्सकोलाचा आकडा सॅन डिएगोच्या आकड्याशेजारी ठेवून कोणते गाव सुरक्षित हे ठरवणे निरर्थक आहे. घरांच्या दलालांना अशी तुलना फार आवडते. तिला महत्त्व देऊ नये.

अंतराच्या नियमांबाबतही असाच गैरसमज आहे. शाळेपासून किंवा बागेपासून दोन हजार फुटांच्या आत असा माणूस राहूच शकत नाही, असे सॅन डिएगोत अजूनही ठामपणे सांगितले जाते. २००६ च्या सार्वमताने कॅलिफोर्नियात तशी मर्यादा आली होती खरी, पण सॅन डिएगो काउंटीतील पॅरोलवरील व्यक्तींना ती सरसकट लावणे घटनाबाह्य आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले. नॉर्थ कॅरोलिनात शाळा आणि पाळणाघरापासून हजार फुटांचा नियम आहे. टेक्सासमध्ये सर्वांना लागू होणारी राज्यव्यापी मर्यादा नाही. तिथे शहरागणिक वटहुकूम निराळे.

नोंद वाचता न येणे

एखादी नोंद उघडल्यावर छायाचित्र, उंची-वजन, टोपणनावे, राहण्याचा पत्ता, गाडीचा क्रमांक आणि गुन्ह्याचे नाव दिसते. नोंद लष्करी निकालावर आधारलेली असेल तर गुन्ह्याच्या रकान्यात लष्करी न्याय संहितेचे ‘कलम १२०’ (बलात्कार व लैंगिक अत्याचाराचे कलम) एवढेच लिहिलेले सापडू शकते. हे कलम ऑक्टोबर २००७ मध्ये आणि पुन्हा जून २०१२ मध्ये मुळापासून बदलले. त्यामुळे १९९८ चे कलम १२० आणि २०१५ चे कलम १२० यांत बसणारी कृत्ये एकच नव्हेत. नुसत्या आकड्यावरून गुन्ह्याची तीव्रता ठरवू नये. निकालाची तारीख पाहून त्या वेळचा मजकूर वाचावा, अथवा खटल्याची कागदपत्रे मागवावीत.

नामसाधर्म्याची अडचण लष्करी गावात जास्त जाणवते, कारण माणसे सतत येत-जात असतात. नाव आणि वय जुळले तरी जन्मतारीख, छायाचित्र आणि पत्ता हे तिन्ही जुळल्याखेरीज शेजाऱ्याबद्दल ओठांवर काही आणू नये. नोंदीत खरोखरच चूक असेल, म्हणजे पत्ता जुना असेल किंवा मुदत संपूनही नाव राहिले असेल, तर तक्रार राष्ट्रीय संकेतस्थळाकडे किंवा तळाच्या कमांडरकडे करून उपयोग होत नाही. ज्या राज्याच्या यंत्रणेने नोंद केली तिच्याकडेच लेखी अर्ज करावा लागतो. तसेच या माहितीच्या आधारे कोणाला धमकावणे वा छळणे हा गुन्हा ठरू शकतो, असा इशारा प्रत्येक राज्याच्या पानावर असतो.

आरोप, चौकशी आणि दोषसिद्धी यांची सरमिसळ

तळावर कुजबुज लवकर पसरते आणि अमक्याची चौकशी झाली याचा अर्थ तो यादीत असणार, असा लावला जातो. नोंदणीचे बंधन दोषसिद्धीतून येते आणि लष्करात ती जनरल किंवा स्पेशल कोर्ट मार्शलमध्ये झालेली असावी लागते. कमांडरने त्याच संहितेच्या कलम १५ खाली, खटल्याविना दिलेली शिस्तभंगाची शिक्षा ही दोषसिद्धी नव्हे. प्रशासकीय कारवाईने सेवेतून काढून टाकणे हीदेखील नव्हे. समरी कोर्ट मार्शलला, म्हणजे सर्वात खालच्या पातळीच्या लष्करी सुनावणीला, १९७६ पासून सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्याचा दर्जा नाकारलेला आहे. लष्करी तपास यंत्रणेने चौकशीत एखाद्याचे नाव संशयित म्हणून नोंदवले, तर ते संरक्षण खात्याच्या अंतर्गत सूचीत वर्षानुवर्षे राहते आणि पुढे नोकरीच्या पडताळणीत आडवे येते, पण सार्वजनिक नोंदवहीशी त्याचा संबंध नाही. उलट बाजूने, पीडित व्यक्तीने गोपनीय पर्याय निवडून केलेली तक्रार कुठल्याच सार्वजनिक कागदात येत नाही. ती शोधण्याचा खटाटोपही कोणी करू नये.

खटल्यांची कागदपत्रे मात्र आता पूर्वीपेक्षा मोकळी आहेत. लष्करी न्याय संहितेच्या कलम १४०अ मुळे प्रत्येक दल कोर्ट मार्शलच्या तारखा, दाखल कागद आणि निकाल लोकांसाठी उपलब्ध करते. त्यांतील पीडितांची ओळख आणि खासगी तपशील काळे केलेले असतात. निर्दोष सुटलेल्याचा खटलाही त्यात दिसू शकतो, हे वाचताना ध्यानात धरावे.

बदलीनंतर जुन्या नोंदीवर विसंबणे

हा भाग ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरातील व्यक्तीवर नोंदणीचे बंधन आहे त्यांच्यासाठी आहे. लष्करी आयुष्यात दर दोन-तीन वर्षांनी बदली येते आणि सर्वात महाग पडणारी चूक इथेच होते. संघीय नियमानुसार पत्ता, नोकरी, शिक्षणसंस्था किंवा नाव बदलल्यास कामकाजाच्या तीन दिवसांत प्रत्यक्ष जाऊन कळवावे लागते. नॉर्थ कॅरोलिनातही मुदत तीन कामकाजी दिवसांचीच आहे, कॅलिफोर्नियात पाच, तर टेक्सासमध्ये सात दिवस. पण राज्याची मुदत लांब आहे म्हणून संघीय मुदत सैल होत नाही, हे लक्षात ठेवून आखूड मुदत पाळणेच शहाणपणाचे. युनिटने बदलीचे आदेश काढले म्हणजे शेरीफला आपोआप कळते, असे मुळीच नाही. शिवाय एका राज्याने सौम्य मानलेला कोर्ट मार्शलचा निकाल दुसरे राज्य आपल्या कायद्यातील अधिक गंभीर गुन्ह्याच्या समकक्ष धरू शकते. म्हणून नव्या राज्यातील वकिलाला, सामान हलवण्याआधीच, निकालाची प्रत दाखवावी.

सेवा संपली की बंधन संपते, ही समजूत तर थेट तुरुंगात नेऊ शकते. १९९९ मध्ये हवाई दलातील एका जवानाला कोर्ट मार्शलने तीन महिन्यांची कैद आणि बडतर्फी दिली होती. ती शिक्षा केव्हाच भोगून झाल्यावर, तो टेक्सासमध्येच एल पासोहून सॅन अँटोनियोला राहायला गेला आणि त्याने नवा पत्ता कळवला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्यावरील संघीय कारवाई वैध ठरली. या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फाटकावर भरवसा ठेवणे

पाहुण्यांच्या कार्यालयात ओळखपत्र दिल्यावर नाव आणि जन्मतारीख एफबीआयच्या राष्ट्रीय गुन्हे माहिती केंद्राशी ताडून पाहिली जाते आणि नोंदणीकृत व्यक्तींची फाइल त्याच केंद्राचा भाग आहे. कमांडर अशा व्यक्तीला प्रवेशबंदी करू शकतो आणि ती मोडून आत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नौदलाचे धोरण आणखी कडक आहे: तळावरच्या घरासाठी अर्ज करताना कुटुंबात नोंदणीचे बंधन असलेले कोणी आहे का, हे लिहून द्यावे लागते. तरीही आतल्या वसाहतीत सगळे सैनिकच राहतात, हे गृहीतक जुने झाले. १९९६ पासून घरांचे खासगीकरण झाले आहे आणि घरे रिकामी राहिली की ती निवृत्तांना, कंत्राटदारांना आणि कधी पूर्णपणे नागरी भाडेकरूंनाही दिली जातात. त्यामुळे आत घर घेतानाही बाहेरच्यासारखाच पत्त्यावरून शोध घ्यावा.

परदेशातील तळावर हीच पद्धत वापरणे

जर्मनी किंवा ओकिनावातील तळाचा पत्ता राष्ट्रीय संकेतस्थळावर टाकून काहीच मिळणार नाही, कारण तिथे कोणत्याही राज्याची नोंदणी पोहोचत नाही. अल्पवयीनांविरुद्धच्या गुन्ह्यासाठी नोंदणीत असलेल्यांच्या पारपत्रावर २०१६ च्या कायद्याने विशेष खूण येते आणि परदेश प्रवासाची पूर्वसूचना एकवीस दिवस आधी द्यावी लागते, परंतु शेजाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. अशा तळावर मुलांसाठी पाळणाघर किंवा सांभाळणारी व्यक्ती ठरवताना चौकशी लष्करी पोलिसांच्या आणि तळाच्या बालसंगोपन विभागाच्या कार्यालयातच करावी. घरात मुले सांभाळण्यासाठी तळाकडून रीतसर परवाना घ्यावा लागतो, आणि तो देण्यापूर्वी घरातील प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासली जाते. परवान्याची प्रत दाखवायला कोणी टाळाटाळ केली, तर मूल तिथे ठेवू नये.