आरपीजी सबफाईलमधली यादी पाहिजे त्या क्रमाने कशी दाखवायची

एएस/४०० वर (आयबीएमचं हे मशीन १९८८ मध्ये आलं) आरपीजी भाषेतल्या प्रोग्राममधून स्क्रीनवर यादी दाखवायला आपण सबफाईल (यादीच्या ओळी भरून ठेवायची तात्पुरती जागा) वापरतो, आणि कधीतरी युजर म्हणतोच की हीच यादी मला नावाने लावून दे, तारखेने लावून दे. नवीन माणूस लगेच सबफाईलच सॉर्ट कशी करायची ते शोधत बसतो, पण तशी काही कमांडच नाही. सबफाईल रिकामी करायची आणि डेटा नवीन क्रमाने वाचून परत भरायची, बस.

पण रिकामी करायच्या आधी एक काम आहे आणि तेच लोक विसरतात. युजरने काही ओळींसमोर २ किंवा ४ (म्हणजे बदल किंवा डिलीट असे पर्याय) टाकून ठेवलेलं असतं आणि मग तो सॉर्टची फंक्शन की दाबतो. अशा वेळी आधी रीडसी (फक्त बदललेल्या ओळी वाचणारी सूचना) फिरवून त्या बदललेल्या ओळी वाचून घ्या, नाहीतर त्याने टाकलेलं सगळं जातं. माझ्याकडून हे झालंय, समोरच्याने अख्खं पान भरलेलं होतं, फार वाईट वाटलं होतं.

मग एसएफएलसीएलआरचा (सबफाईल रिकामी करणारा) इंडिकेटर, म्हणजे ऑन-ऑफ खूण, ऑन करून कंट्रोल रेकॉर्ड (सबफाईलवर ताबा ठेवणारा रेकॉर्ड) राइट करा, इंडिकेटर ऑफ करा, आरआरएन (सबफाईलमधला ओळीचा क्रमांक) शून्य करा.

आता क्रम. प्रत्येक क्रमासाठी वेगळी लॉजिकल फाईल (त्याच डेटाकडे वेगळ्या क्रमाने बघणारी फाईल) करता येते, दोनच क्रम असतील तर ते उत्तम, पण चार-पाच कॉलम असले की मी एम्बेडेड एसक्यूएलच (आरपीजी प्रोग्राममध्येच लिहिलेलं एसक्यूएल) घेतो. यात ऑर्डर बायला (क्रम सांगणारा भाग) कॉलमचं नाव होस्ट व्हेरिएबलमधून (एसक्यूएलमध्ये वापरलेलं प्रोग्रामचं व्हेरिएबल) देता येत नाही, म्हणून पूर्ण स्टेटमेंट स्ट्रिंगमध्ये जोडायचं, प्रिपेअर करायचं (चालवण्यासाठी तयार करायचं) आणि त्यावर कर्सर (निकालातल्या ओळी एकेक करून देणारा) उघडायचा. कॉलमची नावं मात्र प्रोग्राममध्येच ठरलेली ठेवा, युजरने टाइप केलेलं काहीही थेट त्या स्ट्रिंगमध्ये जोडू नका. आणि ऑर्डर बायच्या शेवटी युनिक की (प्रत्येक ओळीत वेगळी असणारी किंमत) लावाच, म्हणजे सारख्या नावांच्या ओळी दर वेळी जागा बदलणार नाहीत.

मग फेच करत आरआरएन एकेकाने वाढवत ओळी राइट करायच्या. सबफाईलमध्ये ९९९९ च्या वर ओळी बसत नाहीत, तिथे थांबायची अट घाला. एकही ओळ मिळाली नाही तर एसएफएलडीएसपी (सबफाईल स्क्रीनवर दाखवणारा) ऑन करू नका, प्रोग्राम एरर देतो.

क्रम चुकीचा दिसला तर कोडवर संशय घ्यायच्या आधी डेटा बघा. एबसिडिकमध्ये (या मशीनवर अक्षरं साठवायची पद्धत) आधी स्मॉल अक्षरं, मग कॅपिटल, मग आकडे येतात, म्हणजे पीसीच्या बरोबर उलटं, त्यामुळे मिक्स टाइप केलेली नावं विस्कटलेली दिसतात. त्यावर ऑर्डर बायमध्ये अपर (सगळी अक्षरं कॅपिटल करणारं फंक्शन) लावलं की झालं. जुन्या फाईलमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी सहा आकडी असेल तर ३१०१२४ ही ०१०२२४ च्या नंतर येते, म्हणजे जानेवारी फेब्रुवारीच्या खाली. तिथे सॉर्टसाठी वर्ष पुढे, मग महिना, मग दिवस असं फिरवून घ्यायचं, स्क्रीनवर दिसणारी तारीख आहे तशीच राहू द्यायची.